ओळखीची छत्री

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा दोन चिठ्ठ्यांवर ‘शांत’ लिहिलेलं होतं आणि तिसरी कोरी होती.

कोरी कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. आबांनी आणि दादाने एकदमच धाकटीकडे पाहिलं. ती रिंगणाच्या कठड्यावर कोपरं टेकून उभी होती. दुखरा पाय खालच्या फळीवर, पेन्सिल कानावर.

“टोक मोडलं का गं?” आबांनी विचारलं.

“नाही. शब्द सापडला नाही.”

“आम्हा दोघांना सापडला.”

“तुम्हाला तो साहेब जन्मला त्या दिवशीच सापडला होता, आबा. आज फक्त लिहिलात.”

दादाने घसा खाकरला. एरवीही तो बहिणीच्या बोलण्यानंतर घसा खाकरायचाच, पण आज पाहुण्या मास्तरीणबाई बसलेल्या होत्या, म्हणून जरा जास्त खाकरला.

पारखीचा दिवस या घरात वर्षातून एकदा येई आणि त्याचे नियम आबांनी चाळीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलेले होते. तिसऱ्या वर्षात पडलेली घोडी एकेक करून रिंगणात आणायची. समोर अचानक छत्री उघडायची. निळ्या ताडपत्रीवरून चालवायचं. पाठीमागे खड्यांचा डबा वाजवायचा. शेवटी अनोळखी माणसाने जाऊन मानेला हात लावायचा. तोवर कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा. एकच. ज्याला दोन शब्द लागतात त्याने नीट बघितलेलंच नसतं, असं आबांचं मत होतं. चिठ्ठ्या वाचून शेवटचा शब्द आबा स्वतः वहीत चढवायचे, आणि तो एकदा चढला की त्या घोड्याचं आयुष्य त्या शब्दाप्रमाणे जायचं.

साहेबाला साहेब म्हणायचे ते त्याच्या चालीवरून. तपकिरी अंग, चारी पायांत पांढरे मोजे, आणि काखेत कुणाची तरी फाईल असल्यासारखं चालणं. छत्री फाडकन उघडली तरी त्याने पापणी हलवली नव्हती. ताडपत्रीवरून तो चालत गेला. डबा वाजला तेव्हा उलट कान टवकारून जवळच आला. मास्तरीणबाईंनी मानेला हात लावला तर बैठकीला वेळेवर पोचल्यासारखा उभा राहिला.

या मास्तरीणबाई लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवायच्या. त्यांची म्हातारी घोडी यंदा थकली होती आणि त्यांना नवीन जनावर हवं होतं. वर्षभर त्या स्वतः त्याला तयार करणार, मग त्याच्या पाठीवर सहा-सात वर्षांची मुलं बसणार. त्यातल्या एका मुलीला ऐकू येत नव्हतं. “तिला ओरडून सांगता येत नाही हो, सावर म्हणून,” असं त्या आल्या आल्या म्हणाल्या होत्या. त्यांचा रिकामा ट्रेलर फाटकाशी उभा होता, आणि त्यात साहेबच चढणार हे दादाने त्यांना आठवड्यापूर्वीच फोनवर सांगून टाकलं होतं.

“आता पुढची,” आबा म्हणाले. “कोरी चिठ्ठी मी धरत नाही. दोन विरुद्ध शून्य.”

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली ती याच वेळी. ती या घरात अठरा वर्षं होती. पारखीच्या दिवशी तिचं काम चहा देणं आणि ताडपत्रीची दोन टोकं धरणं. चिठ्ठी तिला कधी मिळाली नव्हती आणि तिने मागितलीही नव्हती. पण ट्रे घेऊन फिरणाऱ्या माणसाला सगळ्यांचे चेहरे दिसतात. नवरा खूश आहे पण बुटाच्या टोकाने भुसा उकरतोय, हे तिने पाहिलं. आबा डोळे बारीक करून बघतायत, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंय. आणि धाकट्या नणंदेचा जबडा. तो असा झाला की संध्याकाळपर्यंत कुणाचं काही खरं नसतं.

पुढची होती चोंबडी.

नऊ दिवसांची असताना तिची आई गेली. मग वहिनीने तिला बाटलीवर वाढवलं, स्वयंपाकघरामागच्या अंगणात. त्यामुळे चोंबडीला घोड्यांपेक्षा बादल्या, वाळत घातलेल्या चादरी आणि सायकली जास्त ठाऊक. दिसेल त्यात नाक खुपसायचं, हा तिचा धर्म. पुढे मोठी झाल्यावर मागच्या कुरणात म्हाताऱ्या घोडीच्या सोबतीला राहिली, कारण पुढच्या कुरणातल्या घोड्यांच्या पोरांनी तिला पहिल्याच दिवशी चावून परत पाठवलं होतं.

दादाने छत्री उघडली.

चोंबडी चारी पायांवर एकदम उडाली. रिंगणाला दोन फेऱ्या मारल्या, भुशाचा एक फवारा थेट दादाच्या चहात. आबांनी आणि दादाने माना खाली घातल्या आणि चिठ्ठ्यांवर लिहिलं. एवढं स्पष्ट असताना थांबायचं कशाला?

म्हणून पुढचं दोघांनीही पाहिलं नाही. चोंबडी तिसऱ्या फेरीत थांबली. जोरात फुरफुरली. मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवूनच, एक पाऊल आली. मग दुसरं. छत्रीच्या काठाला नाक लावलं, दचकून मागे झाली, पुन्हा आली, आणि दांडा दातात धरून ओढला.

“अहो, चहा,” वहिनी म्हणाली. कपाकडे बोट होतं, पण ती हसत होती चोंबडीकडे बघून.

चिठ्ठ्या उघडल्या. ‘भित्री’. ‘भित्री’. आणि तिसरी: ‘परत येते’.

“हे दोन शब्द आहेत,” आबा म्हणाले.

“एकात मावेना.”

“मग नियम कशाला केलेत?”

“तेच विचारतेय मी कधीपासून.”

मास्तरीणबाईंनी चहाचा घोट घेतला आणि कपाआडून एकेकाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघायला मिळालं की माणूस कप लवकर खाली ठेवत नाही.

दादाला हे लवकर संपवायचं होतं. त्याने बाईंना शब्द दिला होता, आणि आबांनी मागच्या महिन्यात त्याला म्हटलं होतं की पुढच्या वर्षापासून वही तू सांभाळ. बेचाळीसाव्या वर्षी बापाकडून एवढं ऐकायला मिळणं लहान गोष्ट नव्हती. तो बहिणीपाशी गेला आणि आवाज खाली घेऊन बोलला, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

“साहेबात काय खोट आहे ते सांग.”

“सांगता येत नाही. म्हणून तर कोरी दिली.”

“म्हणजे काही नाही.”

“दादा, तो काही बोलतच नाही. चोंबडी घाबरली तर साऱ्या गावाला कळतं. हा घाबरलाय की नाही, हेच मला तीन वर्षांत कळलेलं नाही. आणि रोज त्याच्याबरोबर मी असते, तू नाही.”

“हा तुझा पाय बोलतोय.” दादाच्या तोंडून निघून गेलं. “त्या दिवसापासून नुसता उभा राहिलेला कुठलाही घोडा तुला चोर वाटतो. पण त्या दिवशी तू टाच...”

तो थांबला. वहिनीने ट्रे खाली ठेवला.

त्या दिवसाबद्दल घरात एकच हकीकत चालायची. एकोणीस वर्षांपूर्वी, सतरा वर्षांची धाकटी, वहीत ‘शांत’ असा शेरा असलेला एक काळा घोडा, आणि रस्त्यावरून पत्रे वाजवत गेलेला एक मालट्रक. घोडा दगडासारखा उभा राहिला. मग त्याने तिला फेकलं. पायाची दोन हाडं तीन ठिकाणी मोडली. आबांनी वहीत त्या शेऱ्याखाली लिहिलं, ‘स्वाराची चूक. टाच मारली.’ आबांच्या अक्षरात लिहिलेलं या घरात कुणी पुन्हा वाचून बघत नसे. धाकटीने मात्र ते वाचलं होतं, आणि त्यानंतर रोज पहाटे तबेल्यात जाऊन कोवळ्या घोड्यांना तोंडाला मोरखी बांधून घ्यायला शिकवलं होतं. रडून वगैरे नाही. तिला काम येत होतं, आणि येतं हे तिला माहीत होतं. फक्त चिठ्ठ्यांच्या वेळी तिचा शब्द हलका पडायचा, का ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी म्हणायचं नाही.

आज म्हटलं गेलं.

“पूर्ण कर की,” धाकटी म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. “टाच काय?”

दादाने मान वळवली.

“छत्री,” वहिनी मध्येच म्हणाली.

“काय?” आबा.

“आबा, रागावू नका. छत्री कुठे असते वर्षभर?”

“फाटकाच्या खिळ्याला. पुढच्या कुरणाच्या. कुठे असणार?”

“आणि पाऊस आला की चारा टाकायला जाताना तीच उघडतो ना आपण? मी, हे, वन्सं, सगळेच. पुढच्या कुरणातली पोरं जन्मल्यापासून तिच्याखालून खातायत. ताडपत्री तीच, वैरणीवरची. वाऱ्याने रोज फडफडते. आणि डबा...” तिला हसू आवरेना. “डबा तर दाण्याचा आहे हो! यांना दाण्याला बोलवायचं असलं की हे तोच वाजवतात. आज त्यात खडे घातले इतकंच. साहेब कान टवकारून जवळ आला ते काय धीराने? त्याला वाटलं, जेवण आलं.”

मास्तरीणबाई खुदकन हसल्या आणि लगेच “सॉरी” म्हणाल्या.

आबांनी छत्रीकडे पाहिलं. चाळीस वर्षं. आधी एक छत्री होती, ती फाटल्यावर ही घेतली. आधीचीही त्याच खिळ्याला असायची. आपण चाळीस वर्षं पोरांना त्यांचाच धडा विचारत आलो आणि पाठ म्हणून दाखवला की शाबासकी देत आलो! त्यांना वाटलं आपल्याला राग यायला हवा. त्याऐवजी तो काळा घोडा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यानेही छत्रीपुढे पापणी हलवली नव्हती, आणि ते त्यांना फार स्पष्ट आठवत होतं.

“चोंबडी मागच्या अंगणातली,” वहिनी पुढे म्हणाली. “तिने ही छत्री आज पहिल्यांदा पाहिली. सगळ्यांत खरी परीक्षा तिचीच झाली.”

“मग साहेबाची पण करू,” धाकटी म्हणाली. “त्याने कधीच न पाहिलेलं काहीतरी आणा.”

“काय आणणार? इथलं सगळंच पाहिलंय त्याने,” दादा.

वहिनी आधीच घराकडे निघाली होती. परत आली ती काखेत इस्त्रीचं टेबल मारून. फुलाफुलांचं कापड लावलेलं, घडीचं, आणि पाय उघडताना मांजरावर पाय पडल्यासारखं किंचाळणारं.

“हे घराबाहेर कधी आलेलं नाही,” ती म्हणाली. “मीसुद्धा शक्यतो त्याच्या वाटेला जात नाही.”

साहेबाला पुन्हा रिंगणात आणलं. दोर दादाच्या हातात. वहिनीने समोरच्या बाजूला जाऊन टेबल उघडलं. ते किंचाळलं.

साहेब हलला नाही.

“झालं?” दादा म्हणाला. आवाजात सुटका होती. “बघा बाई. पाय बघा त्याचे.”

“पाय नको,” धाकटी म्हणाली. “बरगड्या बघा.”

मास्तरीणबाई खुर्चीतून उठल्या. कठड्याशी आल्या. त्यांनीही आयुष्यभर घोडेच पाहिले होते. कुणी नेमकं बोट ठेवलं की काय दिसायला हवं ते त्यांना लगेच दिसायचं.

बरगड्या हलत नव्हत्या. नाकपुड्या चिनीमातीच्या असाव्यात तशा कडक. शेपूट आत दाबलेली, डोळ्यावर एक त्रिकोणी सुरकुती, आणि ओठ मिटलेले, दात दुखणाऱ्या माणसाचे असतात तसे.

“श्वासच घेत नाहीये तो,” बाई हळूच म्हणाल्या.

“दादा, दोर लांब सोड. आणि बाजूला हो, त्याच्या समोरून.”

“अगं शांत उभाय...”

“दादा. बाजूला हो.”

दादा अर्धा बाजूला झाला. उरलेला अर्धा त्याच्या मानापायी तिथेच राहिला. ‘चल रे राजा’ म्हणत त्याने दोर जेमतेम चार बोटं ओढला.

पुढचं इतक्या पटकन झालं की नंतर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. साहेब जागच्या जागी फुटला, असं वहिनी म्हणाली. दोर दादाच्या तळव्यातून जाळत गेला, दादा पाठीवर पडला, आणि सहाशे किलोंचं जनावर त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून पलीकडच्या कठड्यावर जाऊन आदळलं. वरची फळी मोडली. मग सगळं थांबलं. साहेब कोपऱ्यात उभा, घामाने काळा पडलेला, आणि आता मात्र थरथरताना सगळ्यांना दिसत होता.

धाकटी आत गेली होती. घाईने नाही. लंगडत, तिरकी, त्याच्याकडे न बघता. दहा पावलांवर थांबली आणि पाठ अर्धी वळवून नुसती उभी राहिली. कुणी तिला हाक मारली नाही. आबांनीसुद्धा नाही. कितीतरी वेळाने साहेबाने एक लांब, फाटका श्वास सोडला, जिभेने ओठ चाटले आणि मान खाली घातली. मग ती जवळ गेली.

“आहे, आहे,” ती त्याला म्हणाली. “भीती वाटते ना? मग सांगायचं. पुढच्या वर्षी सांगायला शिकायचं.”

दादा भुशात बसून होता. वहिनी त्याचा तळवा उलटसुलट करून बघत होती. त्याची नजर मात्र त्या वीतभर जागेवर होती, जिथून खूर गेला होता. तिथे दुसरं कुणी बसलेलं असतं तर, कुणी सहा वर्षांचं?

“आबा,” तो म्हणाला. “तिने टाच मारली नव्हती.”

आबांनी चष्मा काढून हातात घेतला.

“मी कठड्याशीच होतो. ती हलली नव्हती. मानेवर हात ठेवून बसली होती, बाळ बाळ करत. तुम्ही दवाखान्यात मला विचारलंत, ‘टाच मारली ना तिने?’ असं. मारली का, असं नाही विचारलंत. मी हो म्हटलं. सोपं होतं ते.” त्याने धाकटीकडे पाहिलं. “मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं.”

“टाच माझीच होती, दादा,” धाकटी साहेबाच्या मानेआडून म्हणाली. “मारली की नाही, मला माहीत नसेल होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. दोनदा. तिसऱ्यांदा बोलण्यापेक्षा घोडे शिकवणं सोपं वाटलं.”

“आणि मला तरी सांगायचंत,” वहिनी नवऱ्याला म्हणाली. तळवा अजून तिच्या हातातच होता. “अठरा वर्षं. संध्याकाळी बोलू.”

दादाने साहेबाकडे असं पाहिलं, जणू संध्याकाळपेक्षा त्याची एक लाथ परवडली असती.

चोंबडीला पुन्हा आणलं ते आबांच्या सांगण्यावरून. या वेळी त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती. टेबल किंचाळलं, चोंबडी उडाली, फेऱ्या मारल्या, फुरफुरली. आबा बघत राहिले. ती आली. नाक लावलं. टेबल डगमगलं, ती पळाली. पुन्हा आली. या वेळी फुलाफुलांच्या कापडाचं टोक दातात धरून निवांत चावू लागली.

“अगं ए! माझं कापड!” वहिनी ओरडली.

“ही घाबरते तेव्हा दिसतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आधी कान, मग मान, मग पाय. माझ्या त्या मुलीला ऐकू येत नाही, पण बघायला ती सगळ्यांत हुशार आहे. हिला ती पुस्तकासारखी वाचेल.” मग दादाकडे वळून, “तुमचा शब्द मी परत केला. मला ही हवी.”

“आणि साहेब?” दादाने विचारलं, बहिणीला.

“माझ्याकडे. एक वर्ष. वाईट नाही रे तो, मुका आहे. तसे या घरात आणखी दोघं आहेत.”

आबा खोगिरांच्या खोलीत गेले होते. धाकटी मोरखी टांगायला आत आली तेव्हा त्यांच्यापुढे दोन वह्या होत्या, आजची आणि एक जुनी, कडा उंदरांनी खाल्लेली. जुनीतलं पान त्यांना शोधावं लागलं नव्हतं. वही आपोआप तिथेच उघडत असे.

त्यांनी चष्मा पुसला. ‘टाच मारली’ हे दोन्ही शब्द आडवी रेघ मारून खोडले. वर ‘स्वाराची चूक’ राहिलं. त्यातला ‘स्वाराची’ खोडला. हात थोडा थांबला. मग वरच्या मोकळ्या जागेत त्यांनी लिहिलं, ‘माझी’. खाली तारीख घातली, आजची.

धाकटी मागे उभी राहून वाचत होती. मोरखी टांगायची राहून गेली.

“शाई वाळू दे,” आबा म्हणाले, मागे न बघता. “मग बंद कर. माझ्याने नाही होत.”

“बघते मी.”

त्यांनी आजची वही ओढली. ‘चोंबडी’ लिहिलं, आणि पुढे, सावकाश, ‘परत येते’.

“दोन शब्द झाले, आबा.”

“मोजता येतात मला.” त्यांनी एक कोरा कागद फाडला. चार तुकडे. एक तिच्या हातात दिला. “हा तुझ्या वहिनीला दे. आणि तिला म्हणावं, छत्री त्या खिळ्यावरून काढ. पुढच्या वर्षी काय आणायचं ते तीच ठरवेल, आणि आम्हाला सांगायचं नाही.”

बाहेर ट्रेलरची फळी खाली आपटली. मास्तरीणबाई दोर धरून पुढे, वहिनी मागे, दादा हाताला फडकं बांधून बाजूला. अगदी पूर्ण बाजूला. चोंबडीने फळीवर एक खूर ठेवला. फळी पोकळ वाजली, आणि ती एका उडीत पार दोराच्या टोकापर्यंत मागे गेली.

आबा आणि धाकटी दारात येऊन उभे राहिले. कुणी मान खाली घातली नाही. कुणी दोर ओढला नाही. सगळे तिच्याकडे बघत थांबले.